हेनिंगच्या आजीने सांगितलेली वंशावळ

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं हेनिंग हे लहानसं गाव. लेखक अ‍ॅलेक्स हॅली (१९२१-१९९२) यांचं लहानपण तिथं आजोळी गेलं. ओसरीवर आजी गुलाम पूर्वजांच्या कहाण्या सांगायची, थेट आफ्रिकेतून धरून आणलेल्या पुरुषापर्यंत. तटरक्षक दलातली वीस वर्षांची नोकरी संपल्यावर हॅलींनी दप्तरं चाळायला घेतली. पण गुलामाची नोंद सापडणार कशी? १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत मालकाच्या नावाखाली बहुधा नुसतं वय, लिंग नि वर्ण, जणू गोठ्यातली जनावरंच! सर्वांची नावं लागली ती १८७० ला. १९७६ साली 'रूट्स' निघालं नि तुफान गाजलं. पुढे अभ्यासकांनी कागद ताडून पाहिले, तर जुन्या पिढ्यांचा मेळ बसेना. तोवर मात्र असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं आपापल्या कौंटीच्या कचेरीत जुनी बाडं उलगडायला लागली होती.