मातीच्या बांधानं राखली विमानं : हवाई दलप्रमुख पी. सी. लाल यांची गोष्ट

ओझर (ता. निफाड) : डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की आपण खुरपं थांबवून वर बघतो. पण हे विमान जमिनीवर उभं असताना किती लाचार असतं, हे आपल्याला माहीत नसतं. ते ज्यांनी जवळून बघितलं, त्या एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल यांच्याबद्दल आज थोडं.

लाल साहेबांचा जन्म १९१६ चा. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ते हवाई दलात आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सात नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं, शौर्यपदक मिळवलं.

१९६५ च्या युद्धात ते हवाई दलाचे उपप्रमुख होते. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पठाणकोट तळावर पाकिस्तानी विमानं आली. आपली बरीच विमानं उघड्यावर उभी. काही मिनिटांत दहाच्या आसपास विमानं जळाली, त्यात दोन नवी कोरी मिग-२१ होती. खळ्यात उघड्यावर पडलेल्या मालावर गारपीट व्हावी, तसं झालं.

युद्धानंतर एच.ए.एल.चा कारभार लाल साहेबांकडे आला. आपल्या ओझरचा मिगचा कारखाना याच कंपनीचा. १९६९ मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले.

पठाणकोटचा धडा हवाई दल विसरलं नव्हतं. उपाय साधेच होते. विमानाच्या तीन बाजूंनी मातीचा उंच बांध घालायचा, तोंड मोकळं ठेवायचं आणि विमान आत ढकलायचं. बॉम्ब शेजारी फुटला तर त्याचे तुकडे आडवे उडतात, ते बांधात रुततात. एक विमान गेलं तरी शेजारचं वाचतं. विमानं एका ओळीत लावायची नाहीत, लांब लांब पांगवायची. वरून जाळी, जाळीवर पालापाचोळा. चंदेरी विमानं उन्हात चमकतात म्हणून कित्येकांना हातानं ब्रश मारून हिरवट रंग फासला.

परीक्षा झाली ३ डिसेंबर १९७१ ला. संध्याकाळी पाकिस्ताननं अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आग्रा अशा तळांवर हल्ला केला. धावपट्ट्यांना खड्डे पडले, पण विमानं जवळपास सगळी शाबूत राहिली. त्याच रात्री आपली कॅनबेरा विमानं उलट हल्ल्याला निघाली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली.

लाल साहेब १९७३ च्या जानेवारीत निवृत्त झाले, १९८२ मध्ये वारले. विजयाच्या गोष्टीत वैमानिकाचं नाव येतं, आणि ते यायलाच पाहिजे. पण ज्या मजुरांनी आणि जवानांनी पाट्या वाहून ते बांध घातले, त्यांची नावं कुठं नाहीत. बांध वेळेवर घातला तरच उपयोगी पडतो, पाणी शिरल्यावर नाही. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.