सुभेदारांचा भिवा



आपल्या वस्तीत असे एखादे घर असतेच, की ज्या घरचा कर्ता पुरुष पलटणीत आहे. तो सुट्टीवर आला की आपण त्याचा मान करतो. पण मागे राहिलेल्या त्याच्या मुलाकडे आपले लक्ष जाते का? परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण या दृष्टीने आपण एकदा पाहावे. कारण बाबासाहेब हे पलटणीतील घराचे मूल होते.

त्यांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. आई भीमाबाई यांचे वडील मुरबाडकर हेही सुभेदार-मेजर. त्या काळी गावच्या शाळेत आपल्या मुलांना पायरीही चढू देत नसत. पलटणीत मात्र शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. म्हणूनच या घरात अक्षर आले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भिवाचा जन्म झाला.

भिवा जेमतेम दोन-तीन वर्षांचा असताना वडील निवृत्त झाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. याच सुमारास महारांची सैन्यभरतीही बंद झाली. जे दार आजोबांना आणि वडिलांना उघडे होते, ते नातवापुढे लागले. कुटुंब प्रथम दापोलीला पेन्शनरांच्या वस्तीत राहिले आणि मग साताऱ्याला आले. तेथे १८९६ साली आई गेली. आत्या मीराबाई यांनी मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्याला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांना भेटायला मुले एकटीच निघाली. वडील दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांचे पत्र त्यांना मिळाले नव्हते, म्हणून मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली. सोबत खायला होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. वाचकहो, सरकारच्या सैन्यात उमर घालविलेल्या सुभेदाराची ही मुले होती! बापाच्या छातीवरचे बिल्ले मुलाला घोटभर पाणीही देऊ शकले नाहीत.

तरीही सुभेदारांनी हिंमत सोडली नाही. १९०४ साली ते मुलांसह मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. भिवा संध्याकाळी लवकर झोपे. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले, की लग्न झालेल्या मुलीकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. समाजाने सभा भरवून त्यांचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे गुरुजींच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला गेला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, त्यामागे याच मुलाचे प्रयत्न होते.

आता विचार करा. ती सभा भरली नसती आणि ते पुस्तक त्या हाती पडले नसते तर? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ज्या वाटेवर आलो, तिची एक पायवाट त्या लहानशा सत्कारापासून निघते. एका शिपायाच्या मुलाच्या पाठीवर पडलेली ती थाप होती.

म्हणून सांगणे एवढेच. आपल्या वस्तीतील जवानाचे मूल परीक्षा पास झाले, तर विहारात बोलावून त्याचे कौतुक करा. हातात हार देण्यापेक्षा पुस्तक द्या. बाप सीमेवर असताना मुलाला शाळेत दाखल करणे, आजारपणात दवाखान्यात नेणे, घरी जागा नसेल तर अभ्यासासाठी विहार उघडे ठेवणे, ही कामे शेजाऱ्याची आहेत. त्याच्या आईला एकटे वाटू देऊ नका. करुणा नुसती वंदनेत म्हणायची नसते, ती शेजारच्या घरात दिसली पाहिजे.

जय भीम!