कार्तिकात मळा सोडून जायचं कसं?



आजच्या चिंतनाला गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४६वा श्लोक आहे. आपल्या वाट्याचं काम करणं हीच त्या जगत्कर्त्याची पूजा, असा त्याचा भाव. ज्ञानेश्वरीत माउलींनी इथे स्वकर्माला फुलांची उपमा दिली आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. त्याच काळात पंढरपूरपासून एक-दोन दिवसांच्या चालीवर एक गृहस्थ खरोखरच फुलं आणि भाजी पिकवत होते.

संत सावता माळी. जन्म १२५० चा, गाव अरण, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी, म्हणजे विठ्ठलभक्ती घरातलीच. पत्नी जनाबाई शेजारच्या भेंड गावच्या. मुलं विठ्ठल आणि नागाताई. आणि तरीही सावता महाराज मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, असं परंपरा सांगते.

या गोष्टीचं आपण फार पटकन पोस्टर करून टाकतो. वारीला रजा मिळाली नाही की आपल्यालाही लगेच सावतोबा आठवतात! पण कार्तिकी एकादशीच्या सुमारास भाजीचा मळा कोणत्या अवस्थेत असतो, ते आधी बघू या.

पाऊस संपलेला असतो, म्हणजे पाणी विहिरीतून मोटेने काढायचं. लसूण लावायची वेळ हीच. मुळा-कोथिंबीर कोवळी असते आणि थंडी पडायला लागली की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. आज दोन-चार दिसतात, आठवड्यात पानं चिकट होऊन वळतात. त्यावर जुना उपाय म्हणजे चुलीतली राख. तीही सकाळी, पानावर दव असताना भुरभुरायची, तरच चिकटते. ऊन चढलं की वाऱ्यावर जाते. रोपं कुरतडणारी अळी तर दिवसा दिसतच नाही. रात्री देठ कापते आणि उजाडायच्या आत मातीत शिरते. आडव्या पडलेल्या रोपाच्या बुडाशी माती उकरून ती हाताने वेचावी लागते. शिवाय पाखरं, ससे, रानडुकरं. बुजगावणं उभं केलं तरी पाखरं चार दिवसांत त्याला ओळखतात. मग गोफण घेऊन माणसालाच बसावं लागतं. बाल्कनीतल्या चार कुंड्यांना कडुनिंबाचं तेल फवारणाऱ्यांनाही थोडी कल्पना येईल. आपली मीटिंग पुढे ढकलता येते, मावा थांबत नाही. सावतोबांचं न जाणं मला म्हणून बंड वाटत नाही. मळा जगवायचा तर तिथे राहणं भाग होतं, आणि त्या राहण्यातच त्यांनी देव धरला.

अर्थात कामाच्या नावाखाली त्यांनी भजन सोडलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. एकदा भजनात ते इतके रंगले की सासुरवाडीचे पाहुणे आल्याचं भानच राहिलं नाही. जनाबाई चांगल्याच रागावल्या, आणि त्यांची समजूत सावतोबांनाच काढावी लागली. (माझी सहानुभूती जनाबाईंकडे!)

सर्वात प्रसिद्ध आख्यायिका खुरप्याची. ज्ञानदेव-नामदेवांबरोबर निघालेला पांडुरंग पुढे धावत मळ्यात आला आणि लपायला जागा मागू लागला. सावतोबांनी खुरप्याने स्वतःची छाती उघडून देवाला आत घेतलं. नामदेव मागून शोधत आले. कथा शब्दशः घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातलं हत्यार महत्त्वाचं वाटतं. तण काढता काढता हातात जे होतं, तेच त्यांनी वापरलं.

त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज ३७ उपलब्ध आहेत. भाजीतच विठाई पाहणारा अभंग सर्वांना पाठ असतो. त्यात मिरचीही येते, आणि मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आली, दोनशेहून अधिक वर्षांनी! म्हणजे गाणाऱ्या कुणीतरी आपल्या परसातली मिरची सावतोबांच्या वाफ्यात लावली असावी. मला त्यात वावगं काही वाटत नाही.

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७ म्हणजे १२९५ साली त्यांनी अरणलाच देह ठेवला. तेव्हा वय जेमतेम पंचेचाळीस. आषाढीला ठिकठिकाणच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. सावतोबांसाठी मात्र पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला जाते.