चंद्रावर दुपार कधी होते? चाळीसगावजवळ ज्यांचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं

एलियन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठं टक्कल, मोठे काळे डोळे, बारीक मान, दोन हात आणि दोन पाय. म्हणजे माणूसच, फक्त रंग बदललेला. दुसऱ्या ग्रहावरचा जीवसुद्धा आपण आपल्याच साच्यात बसवतो.

हा साचा मोडून विचार कसा करायचा, हे शिकवणारा एक माणूस आपल्या खानदेशाशी जोडलेला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळ पाटण आहे. लोक तिथं पाटणादेवीच्या दर्शनाला जातात. तिथल्याच देवळातल्या शिलालेखात एका विद्वान घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय. वडील महेश्वर हे ज्योतिषाचे जाणकार आणि तेच मुलाचे गुरू. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जलविड, असं भास्कराचार्य सांगतात. हे विज्जलविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कुणी विजापूर म्हणतं, कुणी पाटणचा परिसर. पण त्यांच्या घराण्याचा दगडात कोरलेला पुरावा सापडला तो पाटणलाच. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगासमोर आणला.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहून पूर्ण केला. त्याचे चार भाग. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती सगळ्यांना माहीत असते. आपला विषय मात्र गोलाध्यायात आहे.

तिथं ते सांगतात की पृथ्वी गोल आहे आणि ती कशावरही टेकलेली नाही. टेकू आहे म्हणावं, तर त्या टेकूला दुसरा टेकू लागेल, त्याला तिसरा. मग हे थांबणार कुठं? मग आपल्याला जमीन सपाट का दिसते? कारण एवढ्या मोठ्या गोळ्याचा अगदी छोटा तुकडाच आपल्या नजरेत येतो.

आता खरी अडचण. गोळ्याच्या खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत?

भास्कराचार्यांचं उत्तर साधं आहे. जो जिथं उभा आहे, त्याला तिथं जमीन खाली आणि आपण वर असंच वाटतं. आपल्या बरोबर विरुद्ध बाजूचा माणूस आपल्या हिशेबानं उलटा आहे, नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाचं पाण्यातलं प्रतिबिंब असतं तसा. पण तो तिथं मजेत उभा आहे, जसे आपण इथं. वर आणि खाली हे उभं राहणाऱ्याच्या जागेवरून ठरतं.

हाच नियम घेऊन ते थेट चंद्रावर गेले. पितर चंद्राच्या पलीकडच्या बाजूला राहतात, ही समजूत त्यांच्या आधीपासूनची. भास्कराचार्यांनी विचार केला की तिथं उभं राहून आकाश कसं दिसेल? तिथल्यांना चंद्र पायाखाली वाटेल. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा सूर्य त्यांच्या डोक्यावर असेल, म्हणजे ती त्यांची भर दुपार. आपली पौर्णिमा ही त्यांची मध्यरात्र. आजच्या विज्ञानानंही चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा हिशोब असाच येतो. तिथं साधारण दोन आठवडे उजेड आणि दोन आठवडे अंधार असतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भास्कराचार्यांनी एलियन शोधले होते, असा मेसेज कृपा करून फॉरवर्ड करू नका. परग्रहावरच्या जीवांच्या शरीराबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं मोठेपण वेगळं आहे. दुसऱ्या जागेवरच्या माणसाला आपल्या मापानं मोजायचं नाही, आधी त्याच्या जागेवर जाऊन उभं राहायचं, ही ती पद्धत.

आज शास्त्रज्ञ परग्रहावरच्या जीवांचा विचार करतात तो याच दिशेनं. ते आधी जागा बघतात आणि मग शरीर. गुरुत्वाकर्षण जास्त असेल तर उंच, सडपातळ जीव तग धरणं कठीण, आखूड आणि जाड पाय फायद्याचे. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. तिथं सूर्याचा उजेड पोहोचणार नाही, मग आपल्यासारखे डोळे असून उपयोग काय? वेगानं पोहायचं असेल तर मात्र निमुळतं अंग लागणारच. शार्क मासा आहे, डॉल्फिन सस्तन प्राणी आहे, तरी दोघांचा घाट सारखाच.

आणि बुद्धीला दोन हात, दोन पायच लागतात असंही नाही. ऑक्टोपसला आठ बाहू असतात आणि त्याच्या मज्जापेशींपैकी बहुतेक त्या बाहूंमध्येच असतात. तरी तो बरणीचं झाकण उघडतो. तो तर आपल्याच पृथ्वीवरचा आहे.

भास्कराचार्य उतारवयातही थांबले नाहीत. ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रहांची गणितं सोपी करणारा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारी गेला. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला.

या नातवानं पाटणला मठ उभारला. त्यात शिकवायचं काय, तर आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ. निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजांनी मठाला दानं दिली. शके ११२८ च्या त्या शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण गावातून मठाला काय काय मिळायचं, ते शेवटी जुन्या मराठीत कोरलंय. गिऱ्हाईकाकडून सुपाऱ्या, बाजारातल्या मालावरचा वाटा आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्यांकडून प्रत्येकी पळीभर तेल.

चंद्रावरच्यांची दुपार कधी होते, हे पुढच्या पोरांना शिकवायची सोय पाटणच्या तेल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी केली होती.