१० डॉलर मागितले, ५ मिळाले: हॅरिएट पॉवर्सची गोधडी अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात कशी पोहोचली?

साल १८८६. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं एक शहर आहे. (ग्रीसमधलं नव्हे बरं का!) तिथे कापसाची जत्रा भरली होती. चित्रकला शिकवणारी जेनी स्मिथ जत्रेत फिरताना एका कोपऱ्यात टांगलेल्या गोधडीसमोर थबकली.

गोधडीवर आदाम-हव्वा होते, याकोबाची शिडी होती, यहूदाची ३० नाणी होती. एकूण ११ चौकटी आणि प्रत्येकीत बायबलमधली एक गोष्ट. सगळी चित्रं कापडाचे तुकडे कापून, वरून शिवून केलेली.

जेनीने ती करणारीचा पत्ता काढला. ती होती हॅरिएट पॉवर्स. पण हॅरिएटने गोधडी विकायला साफ नकार दिला.

हॅरिएटचा जन्म १८३७ चा, अथेन्सच्याच परिसरातला आणि गुलामगिरीतला. १८५५ मध्ये आर्मस्टेड पॉवर्सशी लग्न झालं, पुढे किमान नऊ मुलं झाली. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि १८८० च्या दशकात या कुटुंबाकडे स्वतःची चार एकर जमीन आली. एकेकाळी जिची स्वतःचीच खरेदी-विक्री होऊ शकत होती, तिच्या मालकीची जमीन! ती गोधडी याच चांगल्या दिवसांतली.

आता थोडं त्या शिवणीबद्दल, कारण गंमत तिथेच आहे.

अमेरिकन गोधडीत, म्हणजे क्विल्टमध्ये, तीन थर असतात. वर नक्षीचं कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. हे थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून आरपार टाके घालावे लागतात. आपल्याकडे गोधडीला धावदोरा घालतात तसंच. बायबलच्या या गोधडीवर मात्र हाताच्या टाक्यांबरोबर चक्क शिलाई मशीनची टीपही आहे.

आज मशीनवर क्विल्ट करणारे बरेच जण दोन तुकड्यांच्या जोडाच्या खाचेतूनच टीप नेतात. टीप खाचेत लपते आणि नक्षी मोकळी राहते. या पद्धतीला ‘स्टिच इन द डिच’ म्हणतात. हॅरिएटचं काम याच्या जवळचं, पण थोडं वेगळं. तिने माणसं आणि प्राणी यांच्या आकाराच्या कडेकडेने टीप फिरवली. कडेला कापूस दाबला जातो, त्यामुळे आतला आकार फुगून वर उठतो. उरलेल्या जागेत एकमेकींना छेदणाऱ्या सरळ रेघा मारल्या.

वाचायला सोपं वाटतं, पण करून बघा! मशीनखाली तीन थर सरकवताना वरचं कापड मागे राहतं आणि चुणी पडते. आकाराचा कोपरा आला की सुई कापडात रुतवून ठेवायची, दाबपट्टी उचलायची आणि गोधडी फिरवायची. ही गोधडी सव्वादोन मीटरच्या आसपास लांब आहे. चित्रात तर कोपरेच कोपरे!

मग १८९० च्या सुमारास दिवस फिरले. घरात पैशांची चणचण होती. आता हॅरिएट स्वतःच गोधडी विकायला तयार झाली. बैलगाडीतून ती जेनीकडे आली, गोधडी पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळून. तिने १० डॉलर मागितले. जेनीकडे देण्यासारखे पाचच होते. नवऱ्याने घे म्हटलं आणि हॅरिएटने ते घेतले.

पण गोधडी देऊन ती निघून गेली नाही. एकेक चौकट दाखवून कुठे काय घडतंय ते तिने जेनीला समजावलं. जेनीने ते लिहून ठेवलं. नंतरही हॅरिएट गोधडीला भेटायला अनेकदा जेनीकडे गेली. आज त्या चौकटींचा अर्थ आपल्याला तिच्या सांगण्याप्रमाणे कळतो, तो या टिपणांमुळे.

तिची दुसरी प्रसिद्ध गोधडी १५ चौकटींची. बायबलसोबत तिच्यात आकाशही आहे. १७८० मध्ये न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा काळोख झाला होता, बहुधा वणव्याच्या धुरामुळे. १८३३ मध्ये उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. दोन्ही घटना तिच्या जन्माआधीच्या, पण गोधडीवर अगदी पाहिल्यासारख्या! १८९८ मध्ये अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी ही गोधडी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना भेट दिली. आता ती बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. पाच डॉलरची पहिली गोधडी १९६८ मध्ये स्मिथसोनियनकडे आली.

घरची परिस्थिती मात्र सुधारली नाही. जमीन तुकड्या-तुकड्याने विकली गेली, नवराही वेगळा झाला. १ जानेवारी १९१० रोजी हॅरिएट वारली. तिच्या थडग्यावरचा दगड थेट २००५ मध्ये पुन्हा सापडला.

वर्षानुवर्षं सगळे समजत होते की हॅरिएट निरक्षर होती, बायबल तिने फक्त ऐकलेलं होतं. २००९ मध्ये तिच्या १८९६ च्या पत्राची नक्कल उजेडात आली. तिला लिहिता-वाचता येत होतं! त्या पत्रात तिच्या आणखी गोधड्यांचा उल्लेख आहे. त्यातली एक १८८२ ची, येशूच्या शेवटच्या भोजनाची. ती आज कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नाही.