ताझिओ नुवोलारी

इटली देशांत मांटुआ नांवाचें एक जुनें शहर आहे. प्राचीन रोमचा महाकवि व्हर्जिल याचा जन्म याच परिसरांत झाला. येथूनच जवळ असलेल्या कास्तेल दारिओ गांवीं, १६ नोव्हेंबर १८९२ रोजीं, एका शेतकऱ्याच्या घरीं ताझिओ नुवोलारी जन्मास आला. अंगानें किरकोळ व उंचीनें ठेंगणा असा हा मुलगा पुढें मोटारींच्या शर्यतींत साऱ्या युरोपांत नांव मिळवील, असें तेव्हां कोणास वाटलें नसेल.

पहिल्या महायुद्धांत त्यानें सैन्याच्या मोटारी हांकल्या व १९२० सालीं तो मोटारसायकलींच्या शर्यतींत उतरला. १९२५ सालीं मोंझा येथें एक मोटार चालवून पाहत असतां त्यास मोठा अपघात झाला. तरीही थोड्याच दिवसांनीं, सर्वांग पट्ट्यांनीं आवळून घेऊन, त्यानें तेथेंच मोटारसायकलची शर्यत जिंकली. या साहसाचें अनुकरण करावें असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं; पण त्याचा निर्धार केवढा होता, हें त्यावरून कळतें. पुढें १९३० व १९३३ सालीं हजार मैलांची प्रख्यात शर्यत त्यानें जिंकली.

परंतु त्याच्या कीर्तीचा कळस झाला तो २८ जुलै १९३५ रोजीं, जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें. त्या दिवशीं त्याच्याजवळ होती एन्झो फेरारीच्या पथकाची आल्फा रोमिओ मोटार. या जातीची मोटार १९३२ सालीं प्रथम शर्यतींत आली होती. तिचें एंजिन ३.२ लिटरांचें असून शक्ति सुमारें २६५ अश्वशक्ति होती. समोर मर्सिडीज-बेंझ व ऑटो युनियन या दोन जर्मन पथकांच्या मिळून नऊ नव्या मोटारी होत्या. त्यांस सरकारचें द्रव्यसाहाय्य होतें आणि त्यांची शक्ति ३५० अश्वशक्तींहून अधिक होती. चालक, इंधन व टायर वगळून मोटारीचें वजन ७५० किलोग्रॅमांपेक्षां अधिक असूं नये, हा नियम सर्वांस सारखाच होता. तेव्हां सरळ रस्त्यावर आल्फा मागें पडणार, हें उघड होतें.

पण तो रस्ता सरळ नव्हता. डोंगरांतून जाणारा सुमारें २३ किलोमीटरांचा तो फेरा शेंकडों वळणांचा होता व असे २२ फेरे घ्यावयाचे होते. शिवाय पावसानें रस्ता ओला झाला होता. अशा ठिकाणीं नुसत्या शक्तीपेक्षां चालकाचें कौशल्य अधिक कामास येतें. आणि फार शक्ति बेतानें न वापरल्यास मागच्या चाकांचे टायर झपाट्यानें झिजतात.

नुवोलारी पुढें गेला. इतक्यांत इंधन भरण्यास थांबला असतां पंप बिघडला, व मर्सिडीजच्या फॉन ब्राउखिचास जें काम ४७ सेकंदांत साधलें, त्यास याचीं २ मिनिटें १४ सेकंद गेलीं. तो सहाव्या स्थानीं घसरला. तरी न चिडतां, न खचतां, एकेकास मागें टाकीत तो दुसरा झाला. शेवटच्या फेऱ्याच्या आरंभीं ब्राउखिच सुमारें अर्धा मिनिट पुढें होता; पण त्याचे टायर झिजले होते. ते बदलण्यास थांबावें तर आघाडी जाते, म्हणून तो तसाच निघाला. वाटेंत टायर फुटला आणि नुवोलारी पहिला आला. दुसऱ्यापासून पांचव्यापर्यंत सर्व मोटारी जर्मन होत्या.

यावरून आल्फा श्रेष्ठ ठरली काय? नाहीं. त्या वर्षींचें युरोपचें अजिंक्यपद मर्सिडीजच्या काराचिओलानेंच मिळविलें. नुवोलारी स्वतःही हें जाणून होता. १९३८ सालीं तो ऑटो युनियन पथकांत गेला व त्याच वर्षीं इटलींत मोंझा येथें आणि इंग्लंडांत डॉनिंग्टन येथें, कालच्या प्रतिस्पर्ध्याच्याच मोटारींतून, विजयी झाला.

घरचें सुख मात्र त्यास लाभलें नाहीं. त्याचे दोन्ही मुलगे, एक १९३७ त व दुसरा १९४६ त, ऐन तारुण्यांत आजारानें वारले. ११ ऑगस्ट १९५३ रोजीं मांटुआ येथें त्याचा अंत झाला, तेव्हां त्याच्या प्रेतयात्रेस हजारों लोक लोटले. दानुन्झिओ या कवीनें त्यास सोन्याचें एक लहानसें कांसव भेट दिलें होतें. अतिवेगवान पुरुषास अतिमंद प्राण्याची भेट!

विद्यार्थिमित्रहो, साधन उणें असलें तर तें उणें आहे हें मान्य करावें, त्याचा गुण कोठें उपयोगी पडतो हें ओळखावें, आणि अडचण आली असतां मन स्थिर ठेवावें. जय नेहमींच मिळेल असें नाहीं. पण जय आला तर त्याचें स्वागत करण्यास आपण वाटेवर उभे असूं.