आवाज नेमका कधी येतो? चार्ल्स केटरिंग आणि इंजिनची खडखड



मागच्या डिसेंबरात नाशिकला घरी गेलो होतो. सकाळी बाबांची जुनी हॅचबॅक चालू केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून अशी खडखड यायची, जणू कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवतंय. मग एकदम शांत. नंतर दिवसभर गाडीची काहीच तक्रार नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगून टाकलं की टायमिंग चेन गेली, पूर्ण किट बदलायचं, १६ हजार रुपये. बाबा तयारही झाले होते. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

मी गाड्या दुरुस्त करत नाही, कोड लिहितो. पण आमच्याकडे बग आला की 'काय बिघडलं' याच्या आधी 'कधी बिघडलं' हे बघतात. लॉग उघडायचा आणि वेळ बघायची. म्हणून मी फोन बॉनेटवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. रात्रभर उभी गाडी: खडखड. बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू: काही नाही. तीन तासांनी: अगदी थोडी. म्हणजे गाडी जितकी जास्त वेळ उभी, तितका आवाज जास्त. चेन खरंच ढिली झाली असती तर तिने गाडी किती वेळ उभी होती याचा असा हिशेब ठेवला नसता.

याचं उत्तर पुढे सांगतो. कारण हे सगळं वाचता वाचता मी ज्या माणसापाशी पोचलो, त्याचं अर्धं आयुष्य याच दोन गोष्टींत गेलं: थंड इंजिन चालू कसं करायचं, आणि इंजिनातला आवाज कुठून येतो. त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. तुमच्या गाडीत किंवा बाइकमध्ये सेल्फ स्टार्टचं बटण आहे ना? ते ज्या कल्पनेवर चालतं, ती त्याची.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिलजवळच्या एका शेतावरचा. डोळे लहानपणापासून अधू. आधी शाळेत शिकवलं, मग ओहायो स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला, पण डोळ्यांनी इतका त्रास दिला की शिक्षण अर्धवट सोडून टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरलं. नंतर परत कॉलेजात आला. सोबतची मुलं त्याला पुस्तकं वाचून दाखवायची. १९०४ मध्ये डिग्री हातात पडली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. (चार वर्षांत इंजिनिअरिंग झालं नाही म्हणून नातेवाइकांचे टोमणे खाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

नोकरी लागली डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला तेव्हा हाताने दांडा ओढावा लागायचा. केटरिंगने तिथे छोटी विजेची मोटर बसवली. ही मोटर दिवसभर चालत नाही. सेकंदभर जोर लावते आणि थांबते. मग तिला सेकंदभरासाठी तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त राबवलं तर? तापायच्या आत ती थांबलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो एडवर्ड डीड्स या वरिष्ठ सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात मित्रांना जमवून गाड्यांच्या इग्निशनवर खटपट करायचा. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट. १९०९ मध्ये त्यातून डेल्को ही कंपनी उभी राहिली आणि कॅडिलॅकने त्यांचं इग्निशन विकत घेतलं.

त्या काळात गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. त्यात स्पार्कची वेळ मागे घ्यायला विसरलात, तर पिस्टन वर पोचायच्या आधीच आत भडका उडायचा आणि हँडल उलटं फिरून तुमच्या हातावर बसायचं. मनगटं मोडायची. बायरन कार्टर नावाचा गाड्या बनवणारा एक उद्योजक कुणाची तरी बंद पडलेली गाडी चालू करून द्यायला गेला, हँडलचा फटका बसला आणि त्यातून पुढे त्याचा मृत्यू झाला, अशी गोष्ट सांगितली जाते. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड त्याचा मित्र. लेलँडने हँडल कायमचं घालवायचं ठरवलं आणि केटरिंगला विचारलं.

जाणकारांचं मत होतं की इंजिन फिरवायला लागेल एवढी मोटर आणि बॅटरी गाडीत मावणारच नाही. त्यांचा हिशेब सतत चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंगच्या डोक्यात गल्ल्याचं मशीन होतं. छोटी मोटर, गिअर लावून ताकद वाढवलेली, काही सेकंद जिवाच्या आकांताने फिरणारी. इंजिन चालू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करणार. फेब्रुवारी १९११ मध्ये हा जुगाड कॅडिलॅकला दाखवला गेला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये आला.

यातली गंमत बघा. तेव्हा रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या बऱ्यापैकी होत्या. त्यांचा एक मोठा फायदा म्हणजे हँडल मारायची कटकट नाही. केटरिंगने पेट्रोल गाडीला विजेची मोटर दिली आणि तो फायदाच संपला. इलेक्ट्रिक मोटरनेच इलेक्ट्रिक गाडी मागे टाकली.

आता आवाजाकडे येऊ. नव्या इंजिनांमध्ये चढावर, जोर लावताना ठोके ऐकू यायचे. आपले मेकॅनिक ज्याला गाडी 'नॉक' करतेय म्हणतात ते. संशयित कोण? अर्थातच सगळ्यात नवीन पार्ट, म्हणजे केटरिंगचं बॅटरीवरचं इग्निशन. (प्रोडक्शनमध्ये काही पडलं की शेवटचा कोड कुणी टाकला हे आधी बघतात, तसंच.) पुढे डेल्कोने शेतावरच्या घरांसाठी वीज बनवणारे छोटे संच काढले. ते रॉकेलवर चालायचे आणि आणखी जोरात ठोकायचे. १९१६ मध्ये थॉमस मिजली नावाचा तरुण मेकॅनिकल इंजिनिअर कंपनीत आला, आणि केटरिंगने हे काम त्याच्या गळ्यात घातलं.

सर्वमान्य समज असा होता की स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं, म्हणून ठोका येतो. समजावर विसंबण्याऐवजी त्यांनी वेळ मोजली. सिलिंडरमधला दाब बदलला की एक छोटा आरसा हलायचा, आरशावरून प्रकाशाचा किरण सरकायचा, आणि दाबाचा आलेख डोळ्यांसमोर यायचा. त्यात दिसलं की दाबाची उसळी स्पार्कच्या आधी नाही, नंतर येते, जळण्याच्या अगदी शेवटी. म्हणजे इग्निशन निर्दोष. स्पार्कपासून निघालेली ज्योत पुढे सरकताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबत आणि तापवत जाते. ज्योत पोचायच्या आधीच ते उरलेलं मिश्रण एकदम स्वतःहून फुटतं. तोच ठोका. दोष इंधनाचा होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षावर आला होता.

हे कळणं फार मोठं होतं. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते, पण जास्त दाबलं की ठोके. म्हणजे सगळ्या इंजिनांची प्रगती या एका आवाजापाशी अडली होती.

औषध सापडलं तेही मजेशीर पद्धतीने. केटरिंगच्या मनात एक रानफूल होतं, बर्फ असतानाच फुलणारं, पानांची खालची बाजू लालसर असलेलं. लाल रंग उष्णता शोषतो म्हणून ते लवकर फुलत असेल, तर रॉकेल लाल केलं तर ते सिलिंडरमध्ये लवकर वाफ बनेल का? तेलात विरघळणारा लाल रंग प्रयोगशाळेत नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन टाकलं. ठोके कमी झाले! मग खरे लाल रंग आणून टाकले. काही फरक नाही. मग आयोडीनचं रंगहीन संयुग टाकलं, ते चाललं. म्हणजे रंगाची थिअरी साफ चुकीची, पण इंधनात काहीतरी मिसळून आवाज घालवता येतो हे पक्कं झालं. मला या दोघांबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. प्रयोग यशस्वी झाल्यावरही त्यांनी स्वतःची थिअरी तपासली आणि टाकून दिली.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. पुढची काही वर्षं वेगवेगळ्या रसायनांची चाळण चालली. काहींचा वास इतका भयानक होता की तो कपड्यांतून जायचा नाही. शेवटी ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, इंजिनात गेलं आणि ठोके बंद. साधारण १३०० भाग पेट्रोलला १ भाग पुरायचा.

आणि इथून पुढची गोष्ट लिहायला मला जड जातं.

शिसं विषारी असतं हे तेव्हा गुपित नव्हतं. आणि दुसरा पर्यायही याच माणसांना माहीत होता: अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळलं की नॉक कमी होतं, हे त्यांनी स्वतः तपासलं होतं. पण ते चमचाभर टाकून भागत नाही, बरंच मिसळावं लागतं. शिशाचं संयुग अगदी थोडं लागायचं, आणि त्याचं पेटंट त्यांच्याकडे होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये ते पेट्रोल विकायला आलं, 'एथिल' या नावाने. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेमुळे सुटीवर होता.

१९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने मिळून एथिल कंपनी काढली. तिचा पहिला अध्यक्ष केटरिंग. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, काही जण हिंसक झाले. काही दिवसांत ५ कामगार दगावले, तिसाहून जास्त रुग्णालयात गेले. मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून आणि हुंगून दाखवलं. विक्री काही काळ थांबली. मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. तिथे ॲलिस हॅमिल्टन या औद्योगिक रोगांच्या तज्ज्ञ डॉक्टरने कडाडून विरोध केला. पण १९२६ मध्ये समितीने बंदीसाठी पुरेसं कारण नाही असा निर्वाळा दिला आणि विक्री परत सुरू झाली.

आवाज कधी येतो हे मिलिसेकंदात मोजणाऱ्या माणसांनी, धूर फुप्फुसात गेल्यावर दहा वर्षांनी काय होतं हे मात्र मोजलं नाही. केटरिंग वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. पण त्याला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. मी सध्या या दोन वाक्यांच्या मध्येच उभा आहे.

त्याचं अपयशही पाहिलेलं बरं, कारण तो जादूगार नव्हता. १९२३ मध्ये त्याने पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, तांब्याच्या पात्यांचं इंजिन शेवरोलेसाठी आणलं. ७५९ गाड्या बनल्या, १०० च्या आसपास ग्राहकांपर्यंत गेल्या. तापल्यावर इंजिन दम टाकायचं आणि ठोकायचं. ज्याने जगाला नॉकचं कारण समजावलं, त्याचीच गाडी नॉक करत परत आली. कंपनीने सगळ्या गाड्या माघारी बोलावल्या. तरीही जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा तो १९४७ पर्यंत प्रमुख राहिला. रेल्वेची डिझेल इंजिनं हे त्याचं पुढचं मोठं काम. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेला १९४५ पासून त्याचं नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ ला डेटनमध्ये तो गेला, तेव्हा शिशाचं पेट्रोल जगभर विकलं जात होतं.

ते भारतातून गेलं २००० साली. जगातल्या शेवटच्या देशातून, अल्जेरियातून, २०२१ मध्ये.

आता बाबांची गाडी. रात्रभर उभी राहिली की ऑइल फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते. मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी स्वस्तातला फिल्टर लावला होता आणि त्याची झडप कडक झाली होती. सकाळी फिल्टर रिकामा, म्हणून चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला दोन-तीन सेकंद ऑइलचा दाब मिळत नव्हता आणि तेवढा वेळ चेन बाजूला आपटत होती. चांगला फिल्टर आणि नवं ऑइल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन ठेवून रेकॉर्डिंग केलं: आवाज नाही. तुमच्या गाडीला असं होत असेल तर आधी डिपस्टिकवर ऑइल किती आहे ते बघा आणि आवाजाची वेळ नोंदवा. पण गाडी गरम झाल्यावरही खडखड राहत असेल तर थांबू नका, तेव्हा चेन किंवा टेन्शनर खरंच गेलेला असू शकतो.

परत येताना पंपावर टाकी भरली. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, केटरिंगच्या प्रयोगशाळेत मागे पडलेला तोच पर्याय. त्याचं मायलेज आणि जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट यावर बाबांची स्वतःची ठाम मतं आहेत. ती त्यांनी मला पंपापासून द्वारका सर्कलपर्यंत ऐकवली.